‘मुलगा असता तर पाठवलं असतं ना, बाबा?’

पत्र

बाई, नमस्कार.

आम्ही काळाचौकीला चाळीत राहतो. मी एका गोदामात स्टोअरकीपर आहे, बायको घरी ब्लाउज शिवते. मोठा मुलगा बारावीत, धाकटी तेरा वर्षांची, आठवीत. तिला फुटबॉलचं वेड आहे. तीन वर्षं एका अकादमीत जाते, महिना अडीच हजार फी. कोच म्हणतात, डाव्या पायाने इतकी सुंदर खेळणारी मुलगी त्यांनी पाहिली नाही.

गेल्या महिन्यात अकादमीने ट्रायल घेतली आणि स्वीडनला जुलैत होणाऱ्या गोथिया कपसाठी अठरा जण निवडले. हिच्यासह तीन मुली आहेत. मग व्हॉट्सॲपवर मेसेज आला: ‘भारताचं प्रतिनिधित्व करण्याची सुवर्णसंधी. युरोपियन क्लबचे स्काउट सामने पाहणार. आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र.’ खर्च तीन लाख दहा हजार. पैकी पंचाहत्तर हजार पंधरा दिवसांत भरायचे आणि ते कोणत्याही कारणाने परत मिळणार नाहीत.

माझ्याकडे साठ हजार आहेत. पतपेढीतून दोन लाख मिळतील. उरलेल्यासाठी बायको पाटल्या मोडायला तयार आहे. आई म्हणते, पोरीच्या जातीवर एवढा पैसा कशाला. चाळीच्या मंडळाने अकरा हजार जाहीर केले, गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लावायचं ठरवलं. मी काहीच बोलत नाही हे पाहून मुलगी म्हणाली, ‘दादाच्या क्लासला दोन लाख वीस हजार भरलेत. मी मुलगा असते तर पाठवलं असतं ना, बाबा?’ त्या रात्रीपासून झोप नाही. काय करू?

— एक बाप, काळाचौकी

उत्तर

भाऊ, नमस्कार.

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर देऊ, कारण तुमची झोप स्वीडनने उडवलेली नाही, या प्रश्नाने उडवली आहे. हो, मुलगा असता तर बहुतेक पाठवलं असतंत. पतपेढीचा फॉर्म एव्हाना भरून झाला असता आणि आजीने देवापुढे साखर ठेवली असती. पण तेव्हाही तुम्ही चुकलाच असतात. कर्ज काढून मुलालाही पाठवायला नको होतं. म्हणून माझं मत ‘आत्ता, या अटींवर, नको’ असं आहे. मात्र हे पत्र तुमच्या आईंना वाचून दाखवू नका. त्या त्यातला फक्त ‘नको’ ऐकतील आणि दिवसभर सांगत फिरतील की बाईसुद्धा माझ्याच बाजूच्या आहेत. मी त्यांच्या बाजूची नाही.

आता स्पर्धेबद्दल. गोथिया कप खोटी नाही, हे आधीच सांगते. गोथेनबर्गला १९७५ पासून भरते, तिथला बीके हेकेन हा क्लब ती भरवतो. दरवर्षी दीड हजाराहून जास्त संघ आणि साठाहून जास्त देशांतली मुलं येतात. संघ शाळांमध्ये उतरतात, वर्गातले बाक बाजूला सारून जमिनीवर गाद्या टाकतात, जेवण शाळेच्याच कँटीनमध्ये. आपल्याकडे एनसीसीचं शिबिर असतं ना, तसंच, फक्त शेजारच्या वर्गात ब्राझीलची पोरं. जुलैत तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. सामने संपले तरी मुलं मैदानावरून हलत नाहीत, एकमेकांचे टी-शर्ट बदलत बसतात. चार-चार संघांचे गट, वरचे दोन ‘ए’ बादफेरीत आणि खालचे दोन ‘बी’ बादफेरीत, म्हणजे तिन्ही सामने हरलेल्यालाही पुढे खेळायला मिळतं. मुलांच्या स्पर्धेची ही रचना मला फार आवडते. आपल्याकडे आझाद मैदानावर पहिला सामना हरलं की बूट पिशवीत आणि संध्याकाळची लोकल.

पण तिथे जायला कुणाला पात्र व्हावं लागत नाही. क्लब, शाळा, अकादमी यांपैकी कुणीही नाव नोंदवून फी भरायची आणि जायचं. भारतातून वर्षानुवर्षं संघ जातात. पंजाबच्या मिनर्व्हा अकादमीच्या मुलांनी २०२३ मध्ये आपल्या वयोगटात ती जिंकली आणि २०२५ मध्ये पुन्हा जिंकली. तो पराक्रम खराच, पण ती मुलं अकादमीत राहून रोज सराव करतात. तिकीट काढल्याने ती जिंकली नाहीत. तुमच्या मेसेजमध्ये कुणी हे नाव टाकलंच, तर त्याला एवढंच विचारा की आपली मुलं आठवड्यातून किती दिवस मैदानावर असतात.

मेसेजमधल्या तिन्ही गोष्टी एकेक करून बघू.

‘भारताचं प्रतिनिधित्व.’ भारताचा संघ अखिल भारतीय फुटबॉल महासंघ निवडतो. सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक २०२२ मध्ये आपल्याकडे झाला. अंतिम सामना नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमला होता, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. आमच्या शाळेच्या जुन्या मुलींबरोबर मी तो स्टँडमध्ये बसून पाहिला. आपल्या मुली गटातले तिन्ही सामने हरल्या होत्या, अमेरिकेने तर आठ गोल घातले. तरी अंगावरची जर्सी भारताचीच होती, आणि त्या जर्सीसाठी त्यांच्या घरी कुणी तीन लाखांचा हप्ता मागितला नव्हता. तुमची मुलगी स्वीडनला गेली तर अकादमीचं प्रतिनिधित्व करेल. त्यात कमीपणा काहीच नाही, पण शब्द तोच वापरायला हवा.

‘युरोपियन क्लबचे स्काउट’, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणारी माणसं. हे वाक्य सगळ्यात जास्त पैसे खेचतं, म्हणून इथे जरा थांबते. अशा स्पर्धांना कुणी जाणकार येऊन बसत असतीलही. पुढे जगप्रसिद्ध आंद्रेआ पिर्लो, झ्लाटन इब्राहिमोविच झालेली पोरं लहानपणी याच स्पर्धेत खेळून गेली आहेत. पण फिफाचा नियम असा आहे की अठरा वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदवताच येत नाही. अपवाद आहेत, उदाहरणार्थ आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर. तुम्ही आणि वहिनी ब्लाउजचं मशीन घेऊन गोथेनबर्गला बिऱ्हाड करणार नाही, तोवर तिथला क्लब तिच्यावर कितीही खूश झाला तरी तिला घेऊ शकत नाही. हा नियम नुसता कागदावरचा नाही. तो मोडला म्हणून बार्सिलोनासारख्या क्लबवर २०१४ मध्ये फिफाने खेळाडू घ्यायला बंदी घातली होती. कोचना हे ठाऊक नसेल तर त्यांनी वाचावं. ठाऊक असूनही त्यांनी लिहिलं असेल, तर काय ते तुम्ही समजा.

‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र.’ याबाबतीत मी स्वतः गुन्हेगार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी परळच्या शाळेत एकतीस वर्षं पी.टी. शिकवलं. सोळाएक वर्षांपूर्वी शाळेत एक पत्र आलं. वर पाच देशांचे झेंडे, खाली ‘आंतरराष्ट्रीय शालेय निमंत्रण स्पर्धा, काठमांडू’. माणशी साडेनऊ हजार. मी चौदा मुली गोळा केल्या. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौलीची सीमा, मग रात्रभर घाटातली बस, निम्म्या मुली खिडकीतून उलट्या करतायत. नेपाळला जायला आपल्याला ना व्हिसा लागतो ना पासपोर्ट. असल्या स्पर्धा तिथेच का भरतात, ते मला नंतर उमगलं. मैदानावर पोचलो तर संघ चारच. एक तिथल्या शाळेचा, बाकी तिन्ही आपलेच. आमची गोली, म्हणजे गोलकीपर, समोरच्या संघाच्या सेंटर फॉरवर्डला म्हणते, ‘अगं, तू ऐरोलीची ना? इंटरस्कूलला आलेलीस!’ दोघींनी मिठी मारली आणि पोट धरून हसल्या. मला हसू येईना.

आम्ही दुसरे आलो. परतीच्या गाडीत एका मुलीने पदकामागचं स्टिकर नखाने खरवडलं. खाली कराटेच्या कुठल्याशा स्पर्धेचं नाव होतं. तिने ते मला दाखवलं, मी पदक तिच्याकडून घेऊन पर्समध्ये टाकलं आणि तिला दुसरं, न खरवडलेलं दिलं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी सत्कार झाला. ‘देशाचं नाव उज्ज्वल केलं’ असं भाषण झालं. मी पुढे उभी राहून मान डोलावली.

आमच्या गोलीचे वडील माथाडी होते. त्यांनी ते प्रमाणपत्र फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलं. पुढे पोलीस भरतीच्या वेळी पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी ती ते घेऊन गेली. पडताळणीच्या टेबलावर त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. त्या संध्याकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. ओरडली नाही की रडली नाही. ‘बाई, तुम्हाला माहीत होतं?’ एवढंच विचारलं.

गोथिया कप म्हणजे ते काठमांडू नव्हे, पुन्हा सांगते. तिथलं पदक तिथलंच असतं. पण निमंत्रण स्पर्धेचं प्रमाणपत्र, ती कितीही मोठी असली तरी, बोर्डाच्या क्रीडा गुणांना किंवा नोकरीच्या कोट्याला चालणार नाही असंच धरून चला. कोच छातीठोकपणे ‘चालतं’ म्हणाले, तर त्यांना सोबत घेऊन जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा आणि तिथे विचारा. अर्धा तास लागेल.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि मी तीन वेळा वाचलं. अठरा जणांत ‘हिच्यासह तीन मुली’.

भाऊ, तीन मुलींचा संघ होत नाही. गोथिया कपमध्ये मुलींचे गट वेगळे असतात. मग या तिघींचं नाव कोणत्या गटात नोंदवलंय? पंधरा मुलांच्या संघात त्यांना बसवणार असतील तर त्या खेळणार किती? सामना हातातून निसटायच्या बेतात असताना कुठला कोच तेरा वर्षांची मुलगी उतरवतो ते मी एकतीस वर्षं पाहिलंय. शेवटची तीन मिनिटं, आणि तीही आपण चार गोलांनी पुढे असलो तर. साधारणपणे चार सामने तरी मिळतात. तीन लाख दहा हजारांना चाराने भागा, सामन्याला साडेसत्याहत्तर हजार पडतात. एवढे मोजून ती बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळणार असेल, तर ते तिने इथे वडाळ्यालाही फुकटात केलं असतं.

झोपायची व्यवस्था वर्गखोलीत असते. या तिघी कोणत्या खोलीत? सोबत बाईमाणूस कोण आहे, तिचं नाव काय, ती आधी कधी मुलींना घेऊन बाहेरगावी गेली आहे का? मुलीला पाळी आली, ताप आला, रात्री दोनला रडू आलं, तर ती कुणाला उठवेल? याचं उत्तर ‘आम्ही सगळे आहोत ना’ असं आलं तर तिथेच उठा. बाकीचं विचारायचीही गरज नाही.

झारखंडच्या मुली २०१३ मध्ये स्पेनला गेल्या होत्या, रांचीजवळच्या खेड्यांतल्या, युवा नावाच्या संस्थेच्या. पासपोर्टसाठी जन्माचे दाखले मागायला गेल्या तर पंचायतीत त्यांच्या थोबाडीत मारल्या, झाडू मारायला लावलं, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. तरी त्या गेल्या आणि तिथल्या गास्तेइझ कप स्पर्धेत तिसऱ्या आल्या. पण तो सगळा संघ मुलींचा होता. घरामागच्या शेतात एकत्र खेळलेल्या त्या पोरी तिथे एकमेकींना धरून होत्या. मुलीला परदेशी पाठवायचं तर असं पाठवावं.

कोच लबाड आहेत असं मी म्हणत नाही. मुंबईत टर्फचं तासाचं भाडं काय आहे तुम्हाला माहीत आहे, महिना अडीच हजारात अकादमी चालवणं सोपं नाही, आणि अशा दौऱ्यात कोचचं तिकीट पोरांच्या पैशातून निघतं. निघू दे. फक्त ते उघड सांगावं. म्हणून त्यांच्याकडे भांडायला जाऊ नका. चारपाच पालक मिळून जा, रविवारी सरावानंतर, आणि खर्चाचा तपशील कागदावर मागा. विमान किती, स्पर्धेची फी किती (ती स्पर्धेच्या संकेतस्थळावर जाहीर असते, ताडून बघा), विमा किती, सोबतच्या मोठ्यांचा खर्च कुणाकडे. बारा वर्षांवरच्यांना शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या व्हिसाची, फी नव्वद युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत येत नाही. मग व्हिसाच नाकारला तर तुमच्या पंचाहत्तर हजारांचं काय, हे लेखी घ्या. ‘कोणत्याही कारणाने परत नाही’ ही अट मला सगळ्यात जास्त खटकली. मुलीचा पायच मुरगळला तर? मुंबईतल्या पावसाळ्यात तो मुरगळतो हो. आणखी एक, परदेशी स्पर्धेला जाण्यासाठी महासंघाची परवानगी घेतली आहे का, असेल तर पत्र दाखवा म्हणावं. खरी परवानगी असलेला माणूस हे पत्र लॅमिनेट करून ठेवतो, तुम्ही मागायच्या आधीच दाखवतो.

कर्जाचं थोडक्यात. दोन लाखांना पतपेढीचा तीन वर्षांचा हप्ता महिना सहा-सात हजारांच्या घरात जाईल. ती सोळा वर्षांची होईपर्यंत तुम्ही एका आठवड्याचे पैसे फेडत राहाल. दरम्यान तिचे स्टडचे बूट फाटले, तर त्या महिन्याला नवे घ्यायला पैसे नसतील, आणि कधीतरी वैतागून तुमच्या तोंडून निघून जाईल, ‘तुझ्या त्या स्वीडनपायी...’ आणि पाटल्या मोडू नका. वहिनी तयार आहेत म्हणून तर मुळीच मोडू नका. त्या प्रत्येक वेळी तयारच असतील.

पण मग मुलीच्या प्रश्नाचं काय? ‘दादाच्या क्लासला भरलेत’ हे तिने बरोबर पकडलंय, त्यातून ‘परिस्थिती नाही बाळा’ म्हणून सुटू नका. (दादाच्या क्लासबद्दल मला कुणी विचारलेलं नाही. पण दादर स्टेशनबाहेरच्या होर्डिंगवर ज्या पोरांचे फोटो असतात, ती त्या क्लासला गेली नसती तरी होर्डिंगवर आलीच असती असं मला नेहमी वाटतं. असो.) हिशेब मांडा, खरोखरच वहीत मांडा. तीन वर्षं महिना अडीच हजार, म्हणजे तिच्या अकादमीवर तुम्ही नव्वद हजार घातलेत. हे तिला बहुतेक माहीतही नसेल. दादाचे दोन लाख वीस. फरक एक लाख तीस हजारांचा. हे एक लाख तीस हजार तिचे आहेत, फुटबॉलसाठीच, आणि घरात दुसरी कुठलीही अडचण आली तरी त्याला हात लागणार नाही असं तिला सांगा. छत्तीस महिने साधारण साडेतीन हजार बाजूला टाकलेत तर होतात. पतपेढीच्या हप्त्याच्या निम्मे. आरडी तिच्या नावाने उघडा, पासबुक तिच्या दप्तरात राहू दे.

त्या पैशातून काय करायचं? सगळ्यात आधी महासंघाच्या सीआरएस या नोंदणी प्रणालीत तिची खेळाडू म्हणून नोंद आहे का ते बघा. नसेल तर तीन वर्षं अकादमीने काय केलं हा प्रश्न कोचना विचारण्यासारखा आहे. तिच्या शाळेचा मुलींचा संघ एमएसएसएच्या, म्हणजे मुंबईच्या शालेय क्रीडा संघटनेच्या, स्पर्धेत उतरतो का? नसेल उतरत, तर पी.टी.च्या सरांना किंवा बाईंना भेटा. आम्हा पी.टी.वाल्यांकडे पालक फक्त मेडिकल सर्टिफिकेट घेऊन येतात. ‘आमच्या मुलीला खेळवा’ म्हणत कुणी आलं की आम्ही सातवा तास सोडून धावतो. अकरा मुली जमल्या की शाळेला सुब्रतो कपच्या जिल्हा फेरीत उतरवता येतं. १९६० पासून चालू असलेली शाळांची फुटबॉल स्पर्धा आहे ही. मुलींचा गट सतरा वर्षांखालचा आहे, तेरा वर्षांची डावी विंग त्यात चालते. जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि तिथून थेट राष्ट्रीय फेरी. जिल्ह्याचे सामने पावसाळ्याच्या सुरुवातीलाच असतात, म्हणजे तिकडे गोथेनबर्गला ती बाकावर बसलेली असेल तेव्हा इकडे तिच्या जागी दुसरी कुणी खेळत असेल. शिवाय राज्याच्या सब-ज्युनिअर मुलींच्या संघाच्या चाचण्या होतात. मुंबईच्या असोसिएशनकडे चौकशी करा, तारखा एक-दोन आठवडे आधी कळतात, लक्ष ठेवावं लागतं. भारताच्या जर्सीकडे जाणारी वाट ही आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, रिक्षाचालकाचा मुलगा, अशाच वाटेने पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

आणि गोथिया कप कुठे पळून जात नाही. दरवर्षी जुलैत आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलींचे गट आहेत. तिच्यापुढे अजून चार-पाच जुलै आहेत. कोचनी मुलींचा पूर्ण संघ बांधला, कागद दाखवले, सोबत बाई दिल्या, आणि तुमची आरडी तोवर भरत आली असेल, तर खुशाल पाठवा. सहल म्हणून पाठवा, मजा करायला पाठवा. चिवड्याचा डबा माझ्याकडून.

आता तिला सांगायचं कसं. घरात सगळ्यांसमोर नको, आजी मध्ये बोलतील. रात्री तर नकोच. शनिवारी सकाळी तिला आझाद मैदानावर घेऊन जा, एमएसएसएचे सामने असतील तर उत्तम. कडेला बसा, सोबत वही न्या. तुम्ही मला लिहिलेले सगळे आकडे तिला दाखवा, पगारासकट. तेरा वर्षांच्या मुलीला चाळीत कुणाच्या घरी किती हप्ते आहेत ते सगळं माहीत असतं, फक्त आपल्या घरचं कुणी नीट सांगत नाही. ‘तू मुलगा असतीस तर पाठवलं असतं का?’ याला ‘कदाचित हो, आणि मी चुकलो असतो’ असंच उत्तर द्या. बापाच्या तोंडून हे ऐकणं तिला जड जाईल, पण तिला ते हवंय. मग तिला विचारा की तीन मुलींचं काय ठरलंय, तू कुठल्या गटात खेळणार आहेस, तुला कोचनी सांगितलंय का? माझा अंदाज आहे की तिनेही हे कधी विचारलेलं नाही. तिला कोचना स्वतः विचारू द्या, तुम्ही मागे उभे राहा. डाव्या पायाची एवढी चांगली मुलगी आहे, तिला आपण किती मिनिटं खेळणार हे विचारायचा हक्क आहे.

ती रडेल. दोन-तीन दिवस बोलणार नाही. शाळेत मैत्रिणींना तिने सांगून ठेवलं असेल, ते परत घेणं तिला स्वीडनपेक्षा कठीण जाईल. तिथे तिची मदत करा. ‘बाबा नाही म्हणाले’ असं तिला खुशाल सांगू द्या, वाईटपणा तुम्ही घ्या.

आणि मंडळाच्या अध्यक्षांना आज रात्रीच गाठा. अकरा हजार देणार असतील तर आनंद आहे, तिच्या आरडीत भरा म्हणावं. पण तो फ्लेक्स थांबवा. फ्लेक्सवाले पहाटे येऊन टांगतात, सकाळी तुम्ही दूध आणायला खाली उतराल तेव्हा उशीर झालेला असेल.

तुमची,
पी.टी.च्या बाई